दोरखान्यातली उलटी पावलं

एक

मधला डांबराच्या हौदात पडून मेला, आणि त्याला ओढून नेलं ते त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोनं, हा निकाल जमादारीण येऊन पोचायच्या आधीच लागून गेला होता. पोलीस 'पाय घसरला' एवढं म्हणून परतले होते. ते त्यांच्या सोयीचं. गल्लीनं भूत ठरवलं, ते गल्लीच्या सोयीचं.

जमादारीण ही मधल्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा मधला आणि धाकटा दोघांना तिनंच वाढवलं. मग बायकांच्या तुरुंगात नोकरी धरली आणि उभी हयात कमरेला चाव्यांचा जुडगा लावून काढली. नोकरी सुटली, जुडगा गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. खोटं बोलणारीचे डोळे बघू नयेत, पाय बघावेत, एवढी एक विद्या तुरुंगानं तिला दिली होती.

मधल्याची दुसरी बायको गाठोडं बांधून उंबऱ्यात बसली होती.

"वन्सं, रविवारी मला जायचंय."

"कुठं?"

"ते कुणी सांगितलं नाही. फक्त जा म्हणाले."

"का म्हणून?"

"मी सवतीच्या घरात बसलेय ना. मी इथं आहे तोवर ती येत राहणार म्हणे. आज नवरा नेला, उद्या आणखी कुणाला नेईल. मी गेल्याशिवाय दोरखान्यातलं एकही चाक फिरणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"तुला वाटते तिची भीती?"

"मेलेल्या बाईला कशाला भिऊ? तिनं माझं काय वाकडं केलंय? तिचेच डबे वापरते मी अजून." भावजयीनं डोळे पुसले. "माहेरी कुणी उरलं नाही, वन्सं. ही खोली गेली की मी रस्त्यावर."

जमादारीण पिशवीसुद्धा आत न ठेवता तशीच दोरखान्याकडे वळली.

दोरखाना म्हणजे एक लांबच लांब, बुटकी, अंधारी छपरी. ऊन लागलं की वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, कडक होतो, म्हणून खिडकी नाही. या टोकाला चाकं, त्या टोकाला जमिनीत खणलेला डांबराचा हौद. चाकाशी उभं राहून पाहिलं तर हौदाशी उभा असलेला माणूस अंगठ्याएवढा दिसतो.

मुकादम कंदील घेऊन पुढे झाला. त्याच्या मागे दोर वळणारे झाडून सगळे, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, धाकटा.

"या अशा, जमादारीणबाई. डोळ्यांनीच बघा. मी सांगून काय उपयोग!"

जमिनीवर वाखाची धूळ बोटभर साचलेली होती आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती. सगळ्या पावलांची बोटं चाकाकडे. ओळ सुरू होत होती ती थेट हौदाच्या काठापासून.

"हौदातून निघाली आणि चाकाकडे आली," मुकादम आवाज पाडून म्हणाला. "हौदाकडे जाणारं एकसुद्धा पाऊल नाही. आता हे माणसाचं काम आहे का, तुम्हीच सांगा."

"पावलं तर चांगली दणकट आहेत. बाईची वाटत नाहीत."

"भुतात कसली बाई नि कसला बाप्या!"

मागे दोघंचौघं 'खरंय, खरंय' म्हणाले. जमादारिणीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. कुणी अंगठ्यानं माती उकरत होतं, कुणी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होतं.

ती याच गल्लीत जन्मलेली. दोर वळणारा कमरेला वाखाचा गुंडाळा बांधतो, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवतो, आणि चाक फिरायला लागलं की वाख सोडत सोडत मागे मागे चालतो. चाकाकडे तोंड, हौदाकडे पाठ. दिवसभर, जन्मभर. म्हणजे ही पावलं हौदातून बाहेर आलेलीच नव्हती. ती हौदाकडे गेली होती.

परक्या माणसाला ती बघून भूत आठवलं असतं, ते समजण्यासारखं होतं. पण या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ती कळायला हवी होती.

मग इथं उभे असलेले सगळेच्या सगळे खोटं का बोलत होते?

दोन

मुकादमाला तिनं एकट्याला बाहेर घेतलं. बसायला लाकडाचा ओंडका होता, पण त्याला उभंच ठेवलं. तुरुंगातली सवय.

"हौदावर फळ्यांचं झाकण असायचं. आमच्या बापाच्या वेळेपासून."

"आहे की."

"त्या दिवशी होतं?"

मुकादमानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मुकादम, मी वय झालेली बाई आहे. मला दोनदा विचारायला लावू नका."

"डांबर ओतायला काढल्या होत्या फळ्या," तो शेवटी म्हणाला. "पिंप संपलं म्हणून दुसरं आणायला हौदाजवळच्या दारानं बाहेर गेलो. हौदावर कंदील टांगून गेलो होतो, अगदी ठळक दिसेल असा. जेवणाची सुट्टी होती. आत कुणी नव्हतं. मला काय ठाऊक, मधला सुट्टीत काम काढून बसेल! परत येतो तर हे असं. काठावर डोकं आपटून मान मोडलेली आणि अर्धं अंग डांबरात." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "पोरंबाळं आहेत मला, बाई. फळ्यांचं कुणाला कळलं तर माझी भाकरी जाईल."

"म्हणून भूत."

"मी एकट्यानं नाही काढलं ते. मी नुसता पावलांकडे बघत उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, ही तर पहिलीची पावलं. मग सगळेच म्हणाले. मी कशाला नाही म्हणू?"

तो खरं बोलत होता. पाय गप्प होते.

"बरं. चाकावर कोण होतं?"

पाय हलले.

"कुणी नाही."

"चाकावर कुणी नाही, आणि हा कमरेला वाख बांधून उलटा चालत गेला? कशाला, हवा खायला?"

दोरखान्यात एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती आणि कुणी कधी मोडलीही नव्हती. वळणाऱ्यानं मागे बघायचं नाही. मान वळली की हात चुकतो आणि सुताला गाठ पडते. त्याच्या पाठीमागचं बघायचं ते चाकावरच्यानं. वाटेत काही आलं, कुणी आडवं गेलं, हौद जवळ आला, की त्यानं 'बस्स' म्हणून ओरडायचं. आपल्या पाठीमागे काय आहे याची भीती साऱ्या जगाला असते. दोरखान्यातल्या माणसाला ती नव्हती. त्याचे मागचे डोळे समोर, चाकाशी बसलेले असायचे.

"मधल्याच्या चाकावर रोज कोण बसायचं, मुकादम?"

"ते तुम्ही घरात जाऊनच विचारा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी सुटका दिसली.

तीन

"मीच बसायची," भावजय म्हणाली.

जमादारिणीच्या हातातला चहा तसाच राहिला. जिला वाचवायला आपण आलो तीच चाकावर! तिनं नकळत भावजयीच्या पायांकडे पाहिलं. ते पदराखाली होते.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. माझ्या चाकावर तू नको, असं म्हणाले. मी घरीच होते."

"कुणी पाहिलं?"

"कोण बघणार? नवरा कामाला गेल्यावर बाई घरात एकटीच असते."

"भांडण कशावरून?"

भावजयीनं उंबऱ्याबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा भाऊ होता, वन्सं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

"तुरुंगात मी गेलेल्यांबद्दलच ऐकत आले. बोल."

"धाकट्या भावजींना ते 'ससा' म्हणायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला? लहानपणी म्हणे ते त्यांना छपरीच्या त्या टोकाला कोंडायचे आणि बाहेरून बाईच्या आवाजात रडायचे. सगळा दोरखाना हसायचा. अजून हसायचा. भर कामात हे ओरडायचे, 'सशा, मागं कोण आहे बघ!' आणि भावजी खरंच दचकायचे. त्यात आता त्यांच्या पोरीची भर. आईविना वाढतेय बिचारी. 'भित्र्याची भित्री निघाली, धीट करतो तिला,' म्हणाले, आणि कोंडली तिथं. मी कुलूप काढलं तेव्हा तिची बोबडी वळली होती. तेव्हापासून ती बोलत नाही. बापाचा शर्ट सोडत नाही. त्यावरून मी यांना नाही नाही ते बोलले."

उठून तिनं कोपऱ्यातून एक पुडकं आणलं. "अंगावरचे कपडे मला परत दिले. हेही त्यातच होतं. टाकवेना."

वाखाचा तो गुंडाळा होता, मधल्याच्या कमरेचा. डांबर बसून दगडासारखा झालेला. त्यातून हातभर सूत बाहेर आलं होतं आणि पुढे सुरीनं कापलेलं होतं. कापणाऱ्यानं आकड्यापासूनचं सगळं सूत गुंडाळून नाहीसं केलं होतं. हा शेवटचा तुकडा डांबरात बुडाला म्हणून राहिला.

जमादारिणीनं तो दिव्याशी धरला. साधं सूत मोकळं सोडलं की उलगडतं, पण हे डांबरानं जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. तिनं नखानं चाचपलं. पीळ घट्ट होता. अगदी गुंडाळ्याच्या तोंडापर्यंत, बोटांतून सुटण्याच्या जागेपर्यंत, एकसारखा.

तिनं तो तुकडा खाली ठेवला. तिचा चेहरा पाहून भावजय घाबरली.

"काय झालं, वन्सं?"

"दार लावून घे," जमादारीण म्हणाली. "मी धाकट्याकडे जाऊन येते."

चार

धाकट्याच्या दारात त्याची पोरगी बापाच्या शर्टाचं टोक मुठीत धरून बसली होती. आत्याला पाहून ती हसली नाही की उठली नाही. धाकट्यानं तिला उचलून शेजारणीकडे सोपवलं. मूठ सोडवायला वेळ लागला.

"ताई, तू मला विचारायलाच आलीस ना?"

"तू सांगणार असशील तर विचारत नाही."

धाकटा भिंतीला पाठ लावून खाली बसला. लहानपणापासून तो असाच बसायचा.

"मीच होतो चाकावर. वहिनीशी भांडण झालं म्हणून दादानं मला बोलावलं. चार हात सूत काढू, म्हणाला. निम्म्यावर गेला असेल, आणि मला त्याच्या मागं पांढरं काहीतरी दिसलं. हलत होतं. वर चढत होतं. आता कळतं, डांबराची वाफ होती. पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली, ताई. आवाजच फुटेना. मी चाक सोडून पळालो." तो ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागला. "मी ससाच. सगळे म्हणतात ते खरं. मी पळालो आणि दादा मेला."

ऐकणाऱ्याचं काळीज हलावं असंच होतं ते. जमादारिणीचंही हललं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवून म्हणाली, "चाक थांबलं की वळणाऱ्याचं काय होतं, रे?"

रडणं थांबलं.

"मीच सांगते. चाक थांबलं की बोटातला पीळ मरतो. वाख नुसता सुटायला लागतो. आंधळ्या वळणाऱ्यालाही ते कळतं आणि तो जागच्या जागी उभा राहतो. त्याला कुणी 'बस्स' म्हणून ओरडावंसुद्धा लागत नाही." तिनं पदरातून तो डांबरी तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे बघ. शेवटच्या पावलापर्यंत पीळ आहे. तू पळाला असतास तर तो वाचला असता."

धाकट्यानं तुकडा हातात घेतला नाही, नुसता बघत राहिला. तो पुन्हा बोलायला लागला तेव्हा आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता.

"कंदील होता हौदावर. मला सगळं दिसत होतं. फळ्या नाहीत, तेही दिसत होतं. दादा मागं मागं चालला होता आणि हसत होता. ओरडून म्हणाला, 'सशा, तुझी पोरगी रात्री अंथरूण ओलं करते म्हणे?' मी चाक फिरवत राहिलो. वाटलं, आता ओरडू. मग वाटलं, अजून दोन पावलं. मग तोंड उघडलंच नाही." त्यानं मान वर केली. "आयुष्यभर त्यानं मला मागं बघायला लावलं, ताई. मागं कधी काही नसायचं. त्या दिवशी त्याच्या मागं होतं."

"आणि तुझी वहिनी? तिनं तुझ्या पोरीला बाहेर काढलं. तिला रस्त्यावर जाऊ देणार होतास?"

"भूत मी नाही काढलं."

"पण मोडलंसही नाही."

बाहेर शेजारणीच्या कडेवर पोरगी रडायला लागली होती. बिनशब्दाचं रडणं.

"आता काय करणार तू?" धाकट्यानं विचारलं.

ज्याला तिनं स्वतःच्या ताटातलं भरवलं होतं, तो विचारत होता. आणि रविवार दोन दिवसांवर आला होता.

पाच

तिनं सगळ्यांना दोरखान्यात बोलावलं आणि तुकडा हातात धरून, एकही शब्द न लपवता सांगितलं. धाकटा शेजारीच उभा होता. त्यानं मान डोलावली. तिला वाटलं होतं, कुणी ओरडेल, कुणी अंगावर धावून जाईल, निदान कुणी तरी 'अरे देवा' म्हणेल. कुणीच काही म्हणालं नाही.

"सुतावरून स्वर्ग गाठलात, बाई," मुकादम म्हणाला. "पण आम्हाला हे नवीन नाही. ते सूत मीच कापलं. पीळ हाताला लागला तेव्हाच कळलं."

"कळलं होतं, आणि तरी त्या बाईला हाकलत होतात?"

"मग काय करायचं होतं? नीट बघा इकडे." त्यानं बोट फिरवलं. "याच्या चाकावर याचा मेहुणा. वर्ष झालं, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच्या चाकावर त्याची बायको, काल रात्रीच त्यानं तिला मारलंय. हा त्याच्या भावाचा हिस्सा दाबून बसलाय आणि चाकावर भाऊच. इथं कुणाचं कुणाशी वाकडं नाही? चाकावरचा माणूस गप्प बसू शकतो, हे एकदा तोंडानं बोललं गेलं की उद्या मागं पाऊल कोण टाकणार? भूत परवडतं, बाई. एक बाई घालवली की भूत जातं. हे कसं घालवायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," जमादारीण म्हणाली. "माझी भावजय तिच्या खोलीतून हलणार नाही."

धाकटा आपल्या पायांनी चौकीवर गेला. जाताना पोरीची मूठ कुणी सोडवली, ते जमादारिणीनं पाहिलं नाही. पोरीला तिच्या आजोळी पाठवलं.

रविवार आला आणि गेला. भावजयीनं गाठोडं सोडून भांडी पुन्हा फळीवर मांडली. तिला जा म्हणायला कुणी आलं नाही. बोलायलाही कुणी आलं नाही.

सोमवारी चाकं लागली. पहिल्याच फेरीला एका वळणाऱ्यानं मान वळवून मागे पाहिलं. सुताला गाठ पडली. त्यानं ती तोडून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागे पाहिलं.

"मागं काय बघतोस सारखा?" चाकावरून त्याची बायको ओरडली. "मी आहे ना बघायला!"

"आहेस म्हणूनच," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्यानं पाहिलं. आठवडाभर दोरखान्यात गाठीच निघाल्या. चाकावरचे 'बस्स' म्हणून घसा फोडत होते, गरज नसताना, नुसती आपली खात्री पटवायला, आणि त्यांनी जितकं ओरडावं तितकं वळणाऱ्यांना ते खोटं वाटावं. घेणाऱ्यानं माल परत पाठवला. पुढच्या आठवड्यात मुकादमानं छपरीला कुलूप घातलं. कुलूप घालताना त्यानं जमादारिणीकडे बघून हात जोडले. ते नमस्काराचे हात नव्हते, हे तिला चांगलं कळलं.

ती निघाली त्या दिवशी भावजय तिला पोचवायला आली. गल्लीत दारोदार माणसं रिकामी बसली होती. एकानंही राम राम केला नाही.

"माझ्यावर राग आहे का तुझा?" जमादारिणीनं विचारलं.

"राग कसा येईल? तुम्ही मला घर राखून दिलंत." भावजयीनं त्या दारांकडे पाहिलं. "भुतानं हाकललं असतं तर कुणीतरी कुठंतरी कीव केली असती, वन्सं. आता मी खरी ठरलेय. खऱ्याची कीव कुणी करत नाही."

बोलत बोलत दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या. तिथं दोन भिंतींमधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट होती.

"व्हा पुढे," भावजय म्हणाली.

जमादारिणीनं पाऊल उचललं, आणि तिच्या पाठीतून काहीतरी गार सरकत गेलं. जन्मभर खुनी बायकांकडे पाठ करून ती कुलपं लावत आली होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."

भावजयीनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं मान हलवली.

"नको, वन्सं. तुम्हीच व्हा."

मागून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, वाट सोडा म्हणून ओरडत होतं, तरी दोघी तशाच समोरासमोर उभ्या होत्या.